बातमी तपासायची फुकटची साधनं: कोकणातल्या वर्गात कोणतं चालतं, कोणतं अडतं

बातमी कशी तपासायची हे शाळेत शिकवायचं म्हटलं की आधी ॲप आणि वेबसाइटींची यादी पुढे येते. या याद्या बहुतेक करून मोठ्या शहरातल्या कॉलेजांचा विचार करून केलेल्या असतात. तिथे प्रत्येकापुढे लॅपटॉप असतो, वायफाय असतं आणि तपासायचा मजकूर इंग्रजीत असतो. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर आठवी-नववीच्या वर्गाचं गणित निराळं. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, संगणक कक्षात चालू यंत्रं मोजकी, जून लागला की वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची. मुलांच्या घरी पोचणारी अफवा जवळजवळ नेहमी व्हॉट्सॲपवरून येते, मराठीत नाहीतर मालवणीत. या परिस्थितीत कुठलं साधन किती उपयोगी पडतं, एवढ्याच निकषावर हा आढावा आहे. साधनं सगळी फुकट आहेत. जातो तो वेळ आणि डेटा.

निकाल आधीच सांगून टाकतो. फोटोवरून फोटो शोधणं आणि सरकारी इशारापत्रक वाचणं, या दोन गोष्टींवर वर्षाचे निम्मे तास घालवले तरी ते वाया जात नाहीत. व्हिडिओ तपासायचं प्लगइन शिक्षकाने शिकून घ्यावं, मुलांच्या हाती घाईने देऊ नये. फॅक्ट चेक शोधायचं यंत्र मराठीत अर्धपोटी आहे. आणि साध्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा या कामातला उपयोग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

गूगल लेन्स आणि टिनआय

सुरुवात लेन्स या गूगलच्या फोटोवरून शोधायच्या सोयीपासून करावी, कारण ते शिक्षकांच्या फोनमध्ये आधीच असतं. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो गॅलरीत उतरवायचा, गूगल ॲपच्या शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर बोट ठेवायचं आणि फोटो निवडायचा. वेबसाइटवरचा फोटो असेल तर क्रोममध्ये त्यावर बोट दाबून धरलं की शोधायचा पर्याय येतो. इथवर सगळ्यांना जमतं. चूक होते ती पुढच्या पायरीवर. लेन्स आधी दिसायला सारखे फोटो मांडतं. मोडून पडलेला माड, उडालेले पत्रे, कमरेएवढ्या पाण्यातली बाजारपेठ असे फोटो सगळीकडे एकसारखेच दिसतात, आणि मुलं पहिल्याच फोटोवर ‘सर, सापडला!’ म्हणून मोकळी होतात. आपल्याला हवा असतो ‘एक्झॅक्ट मॅचेस’ हा विभाग. तिथेही सारखेपणा ठरवायला एक नियम घालून द्यावा: न हलणाऱ्या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. विजेच्या तारेचा बाक, भिंतीवरचा ओघळ, पाटीचं तुटलेलं टोक. गाड्या आणि माणसं हलतात, ती धरायची नाहीत.

फोटो सापडत नाही तेव्हा कारणं ठरलेली असतात. फोटोवर ‘ब्रेकिंग’ची लाल पट्टी किंवा मोठ्या अक्षरातला मजकूर चिकटवलेला असतो आणि यंत्र त्या मजकुराच्याच मागे जातं. अशा वेळी पट्टी कापून फक्त मधला भाग शोधावा. चार फोटो जोडून एक केलेला असेल तर चारही वेगळे कापावे लागतात. फोटो आरशातल्यासारखा उलटवलेला असेल तर पाटीवरची अक्षरं ते सांगतात. गॅलरीतल्या एडिटरमध्ये तो पुन्हा उलटवून शोधावा. आणि दहा ठिकाणांहून फॉरवर्ड होत आलेला फोटो इतका दबलेला असतो की त्याची रेषच फिसकटलेली असते. तिथे लेन्सला दोष देण्यात अर्थ नाही.

फोटोचे ‘डिटेल्स’ उघडून तारीख बघणं ही मुलांची पहिली ऊर्मी असते. कॅमेरा फोटोत तारीख-वेळ नोंदवून ठेवतो हे खरं, पण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवताना ती नोंद गळून पडते. गॅलरीत दिसते ती तारीख आपल्या फोनवर फोटो उतरल्याची. हे पहिल्याच तासाला सांगितलं नाही तर निम्मा वर्ग ‘तारीख आजचीच आहे, म्हणजे फोटो खरा’ असं लिहून देतो.

तारखेसाठी टिनआय बरं. फोटोवरून फोटो शोधायची ही सेवा २००८पासून आहे आणि तिच्यात निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात, जे लेन्समध्ये सरळ जमत नाही. मात्र टिनआय दाखवतं ती तारीख त्यांच्या यंत्राला तो फोटो इंटरनेटवर प्रथम दिसल्याची. फोटो त्याआधी कधीही काढलेला असू शकतो. मराठी संकेतस्थळांवरचा माल तिथे कमी सापडतो, त्यामुळे त्याला दहापैकी सहाच गुण. लेन्सला आठ.

या दोन्ही साधनांचं उत्तर एकाच बाजूने ठाम असतं, हे मुलांकडून घटवून घ्यावं. ‘काल रात्रीचा दाभोळचा’ म्हणून आलेला फोटो तीन वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला तर दावा पडला. पण कुठेच सापडला नाही तर काहीही सिद्ध होत नाही; कदाचित तो खरंच कालचा असेल, कदाचित शोधायला आपण कमी पडलो असू. वहीत तीन रकाने करायला लावावेत: खोटं ठरलं, खरं ठरलं, ठरलं नाही. तिसऱ्या रकान्यात लिहायला मुलं लाजतात, कारण शाळेत ‘ठरलं नाही’ला गुण मिळत नाहीत. इथे द्यावेत.

रेंजवर विसंबून हा तास कधीच ठरवू नये. चार फोटो निवडून त्यांच्या शोधाचा प्रत्येक टप्पा आदल्या दिवशी स्क्रीनशॉट करून ठेवावा आणि कागदावर काढावा. पाच-सहा मुलांच्या गटाला एक संच दिला की लाइट गेली तरी काम थांबत नाही. थेट शोध शेवटच्या दहा मिनिटांत, शिक्षकाच्या एकाच फोनवर. एआय ओळखून टक्के दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर विसंबून ‘हा एआयने केलेला आहे का’ हे वर्गात ठरवू नये. दबलेल्या फोटोवर त्यांचे टक्के इकडचे तिकडे होतात, आणि आकडा दिसला की मुलं त्याला निकाल समजतात.

हवामान खातं, इन्कॉइस आणि पेपरातला पाऊस

कोकणातल्या शाळेला बातमी तपासण्याचा सर्वांत चांगला धडा आकाश देतं. हवामान खात्याचं मुंबईचं प्रादेशिक केंद्र जिल्हावार इशारे काढतं. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची समुद्र माहिती संस्था लाटांचे आणि उधाणाचे इशारे देते. हीच माहिती तासाभरात व्हॉट्सॲपवर आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येते. म्हणजे मूळ कागद, त्याची बातमी आणि त्याची अफवा, तिन्ही एकाच दिवशी हाताशी. शहरातल्या पत्रकारितेच्या वर्गालाही इतकं ताजं साहित्य सहज मिळत नाही.

पद्धत अशी. इशाऱ्याचं पान रोज बदलतं, म्हणून ते दररोज ठरावीक वेळी उतरवून ठेवावं. आठवडाभराचा साठा झाला की तास घ्यावा. प्रत्येक गटाला एक इशारापत्रक आणि त्याच दिवसाच्या बातमीचं कात्रण द्यायचं. वहीत चार प्रश्न: जागा कोणती, कधीपासून कधीपर्यंत, आकडा किती, आणि हे म्हणतंय कोण. वीस मिनिटांत दोन्ही कागदांतले फरक समोर येतात. बहुतेकदा हरवतो तो ‘कधीपर्यंत’. चोवीस तासांचा इशारा बातमीत ‘येत्या काही दिवसांत’ होतो, आणि फॉरवर्डमध्ये त्याची तारीखच उरत नाही.

आकडे पाठ असल्याशिवाय हा तास उभा राहत नाही. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, आणि २०४.५पासून पुढे सर्वांत वरचा वर्ग. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. चिपळूणचा महापूर २२ जुलै २०२१चा. त्या तारखेची नोंद २१च्या सकाळपासून २२च्या सकाळपर्यंतच्या पावसाची असते, हे मुलांना कागदावर रेघ मारून दाखवावं. नाहीतर दोन पेपरांत दोन आकडे दिसले की एक खोटा आहे असं त्यांना वाटतं. महसूल खात्याचा हिशेब आणखी वेगळा: एखाद्या महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की नुकसानीच्या पंचनाम्यासाठी ती अतिवृष्टी. त्यामुळे ‘तालुक्यातील तीन मंडळांत अतिवृष्टी’ हा मथळा ऐकायला भयंकर, पण जुलैतल्या कोकणात तो नेहमीचाच दिवस असू शकतो. मंडळवार पाऊस कृषी खात्याच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो. फार देखणं नाही, पण कामाचं आहे.

ढगफुटीवर एक अख्खा तास द्यावा. हवामान खात्याच्या लेखी एका तासात साधारण १०० मिलिमीटर पाऊस लहानशा टापूत पडला तर ती ढगफुटी. दिवसातून एकदा वाचलेल्या पर्जन्यमापकावरून ती सांगताच येत नाही. तासाची नोंद ठेवणारं स्वयंचलित केंद्र जवळ हवं. तरी दर पावसाळ्यात ‘ढगफुटीसदृश पाऊस’ पेपरात कोसळतोच. हे ‘सदृश’ वार्ताहराला वाचवतं आणि वाचकाला काहीच सांगत नाही. मुलांना असं प्रत्येक कात्रण जमवायला सांगावं आणि त्यात तासाचा आकडा दिलाय का ते पाहायला लावावं.

रंगांचाही घोळ होतो. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे रंग यंत्रणांनी किती तयारीत राहायचं ते सांगतात, आणि इशारा अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो. रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेला. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ हवामान खात्याच्या भाषेत जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ऑरेंज अलर्ट असताना गुहागरात ऊन पडलं तर इशारा खोटा ठरत नाही. हे समजावताना नकाशा भिंतीवर हवा, तोंडी सांगून पोचत नाही.

समुद्राच्या बातम्यांत सगळ्यात पक्की गफलत भरती आणि लाटेची. मुंबईच्या पेपरात ‘आज साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ असं छापून येतं, तेव्हा पुष्कळदा तो आकडा भरतीच्या पाण्याच्या उंचीचा असतो. तो भरती-ओहोटीच्या कोष्टकातून घेतलेला असतो आणि महिनोन्महिने आधी माहीत असतो. लाटेची उंची वाऱ्यावर आणि दूरच्या वादळावर ठरते, तिचं कोष्टक नसतं. रत्नागिरी-मालवणकडे भरतीचं पाणी मुंबईइतकं चढतही नाही, पण मुंबईचा आकडा फॉरवर्ड होऊन इथे येतो आणि किनाऱ्यावरची घरं घाबरतात. इन्कॉइसच्या पत्रकात लाटेची उंची मीटरमध्ये, वेळ आणि ‘मालवण ते वसई’ असा किनाऱ्याचा पट्टा दिलेला असतो. ती उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट तिच्याहून बरीच उंच येऊ शकते. हे वाचताना हर्णै, मिरकरवाडा, देवगडची मुलं वर्गाच्या पुढे असतात. त्यांना बोलू द्यावं.

तीन नंबरचा बावटा हाही असाच विषय. बंदरावर तो लागला की ‘वादळ येतंय’ अशी हाकाटी सुरू होते. बंदरांसाठीचे संकेत अकरा आहेत. तिसरा म्हणजे त्या बंदरात सोसाट्याच्या वाऱ्याची शक्यता, आणि अकरावा म्हणजे वादळ इशारा केंद्राशी संपर्कच तुटलेला. नंबर वाढत गेला की वादळ तितक्या पटीने मोठं, असा त्याचा अर्थ नाही. वाऱ्याचा वेग इशाऱ्यात नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटरला चक्रीवादळ सुरू होतं, आणि ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेलं ‘निसर्ग’ त्यापुढच्या, ४८ ते ६३ नॉटच्या तीव्र वर्गातलं होतं. ही पट्टी हाती असली की दावे तोलता येतात. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर असल्याचं सरकारकडून सांगण्यात आलं. मुलांना एवढंच विचारावं की हा आकडा पट्टीवर कुठे बसतो आणि बातमीदाराने पुढे काय विचारायला हवं होतं. चांगला वर्ग तीन प्रश्न काढतो: वेग कुठे मोजला, सलग वाऱ्याचा की झोताचा, आणि आराखड्यात किती वेग धरला होता.

या दोन संस्थांच्या पानांना वापरायच्या सोयीसाठी दहापैकी पाच, पण मजकुरासाठी नऊ. पानं अवघड, बरीचशी इंग्रजीत, फोनवर नकाशे हळू उघडतात. सचेत या सरकारी आपत्ती-इशारा यंत्रणेचे मराठीतले एसएमएस मात्र नेटशिवाय येतात, ते जपून ठेवायला सांगावेत.

सुट्टीचं पत्र

‘उद्या शाळेक सुट्टी’ या निरोपाइतका मुलांच्या जिव्हाळ्याचा दुसरा मजकूर नाही. म्हणून तपासणीची सवय याच्यावरच लावावी. पावसाळ्यात फिरणारी बनावट पत्रं बहुधा खऱ्या जुन्या पत्रावर तारीख बदलून केलेली असतात. त्यामुळे शिक्का, सही, लेटरहेड सगळं खरंच दिसतं. खोट सापडते ती तारखेपाशी. तारीख आणि वार जुळतात का, हे कॅलेंडरवर दहा सेकंदांत कळतं. तारीख बदलणारा वार बदलायला विसरतो. मग जावक क्रमांकात वर्ष कोणतं आहे, तारखेच्या आकड्यांची जाडी बाकी मजकुरासारखी आहे का, सही करणारा अधिकारी आज त्या खुर्चीवर आहे का. शेवटी, पत्र कोणाच्या अधिकारातलं? अतिवृष्टीत जिल्ह्यातल्या शाळांना सुट्टी जाहीर करणं हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचं काम. हवामान खात्याचा लाल इशारा म्हणजे आपोआप सुट्टी नव्हे. जिल्हाधिकारी किंवा जिल्हा माहिती कार्यालयाच्या अधिकृत खात्यावर पत्र नसेल तर दप्तर भरून ठेवावं.

व्हॉट्सॲपचं दुहेरी बाणाचं चिन्हही इथेच शिकवावं. मजकूर किमान पाच हातांतून पुढे आला की ते लागतं. ते खोटेपणाचं चिन्ह नाही, फक्त पाठवणाऱ्याने तो स्वतः लिहिलेला नाही एवढंच सांगतं. उलट, कॉपी करून नव्याने चिकटवलेल्या मजकुरावर बाण नसतोच.

व्हिडिओ: इनव्हिड-वीव्हेरिफाय प्लगइन

पत्रकार वापरतात ते हे क्रोमचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची जादा सोय. व्हिडिओची लिंक द्या किंवा फाइल चढवा, ते त्यातले महत्त्वाचे फ्रेम काढून देतं आणि प्रत्येक फ्रेम एकाच वेळी अनेक शोधयंत्रांत टाकता येतो. भिंग आहे, चित्रातला मजकूर वाचायची सोय आहे. साधन उत्तम. शाळेत अडतं ते तीन ठिकाणी. एक, ते संगणकावरच्या क्रोमसाठी आहे, मुलांच्या ओळखीच्या फोनवर नाही. दोन, शाळांच्या कक्षात अजून विंडोज सेव्हनची यंत्रं आहेत. त्यांच्यासाठी क्रोम १०९व्या आवृत्तीवर थांबलं, आणि त्यावर नवं एक्स्टेन्शन नीट चालेल याची हमी नाही. तीन, व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओला लिंक नसते, म्हणजे फाइल चढवणं आलं, आणि पावसाळी नेटवर त्यातच तास संपतो. काही सोयींसाठी नोंदणीही लागते.

त्याऐवजी हाताने करावं. व्हिडिओ थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्यायचे आणि लेन्समध्ये टाकायचे. फ्रेम कुठला निवडायचा यातच खरी विद्या आहे. लाट, आग, धूर असलेला फ्रेम निरुपयोगी. पाटी, गाडीची नंबरप्लेट, डोंगराची कड, पुलाचा कठडा असलेला फ्रेम घ्यावा. बाकी काम मुलांचे डोळे करतात. ‘आंबोली घाटात दरड’ म्हणून आलेल्या व्हिडिओत देवदाराची झाडं असतील तर तो हिमालयातला आहे, हे सावंतवाडीच्या मुलाला प्लगइनशिवाय कळतं. लाल मातीचा पत्ता नाही, जांभ्याचा गडगा नाही, दुकानाच्या पाट्या मल्याळम किंवा ओडियात, एसटी लाल नाही. नंबरप्लेट एमएच ०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी. मात्र मुंबईकरांची गाडी गणपतीत इथेच असते, तेव्हा एका प्लेटवरून निकाल देऊ नये. चक्रीवादळाच्या दिवसांत २०११च्या जपानच्या सुनामीची दृश्यं अजूनही नव्या नावाने फिरतात. ती ओळखायला शिकवण्यासाठी छतांचा आकार आणि गाड्या कुठल्या बाजूने धावतात एवढं पुरत नाही, कारण जपानातही आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात. त्यामुळे पाट्यांकडे जावं.

फॅक्ट चेक एक्स्प्लोरर आणि पीआयबी

गूगलच्या फॅक्ट चेक एक्स्प्लोररमध्ये जगभरच्या तपासण्या एका जागी शोधता येतात. पण ज्या संस्थेने आपल्या लेखाला क्लेमरिव्ह्यू नावाची ठरावीक खूण लावली आहे, तोच लेख तिथे दिसतो. मराठीत तपासणी करणाऱ्या संस्था आहेत, तरी तालुक्यापुरती अफवा तिथवर पोचत नाही. शोधताना पूर्ण वाक्य टाकू नये, दोन-तीन ठळक शब्द टाकावेत. मराठीत नाव दोन-तीन तऱ्हेने लिहिलं जातं (तौक्ते, तोक्ते, तौते), तेव्हा प्रत्येक रूप शोधावं, मग हिंदी आणि इंग्रजी. इतकं करून काही आलं नाही तर पुन्हा तेच: ठरलं नाही. निवडणूक, आरोग्य, नोटा, राष्ट्रीय बातम्या यांसाठी सात गुण. गावच्या गोष्टीसाठी दोन.

पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय. त्याचं फॅक्ट चेक २०१९पासून आहे आणि फक्त केंद्र सरकारविषयीचे दावे तपासतं. राज्याचं किंवा जिल्हा परिषदेचं पत्र तिथे पाठवून उपयोग नाही. नोकरभरती, योजनांच्या बनावट लिंक यांसाठी ते झकास. सरकारवरच्या टीकेच्या बाबतीत मात्र तपासणारा आणि ज्याच्याबद्दल दावा आहे तो एकच आहे, हे मुलांना स्पष्ट सांगावं. केंद्राने २०२३मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून सरकारी तपासणी कक्षाला जे अधिकार देऊ केले होते, ते मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये घटनाबाह्य ठरवले. नववी-दहावीला चर्चेसाठी एवढं पुरे.

छापील पेपर

रद्दीतला गठ्ठा हे सर्वांत स्वस्त साहित्य. पहिलं काम म्हणजे शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली प्रिंट लाइन शोधणं: मुद्रक, प्रकाशक, संपादक, छपाईचं ठिकाण. ती छापणं कायद्याने बंधनकारक आहे. १८६७चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४पासून नवा लागू झाला, तरी ही अट कायम आहे. फेसबुकवरच्या ‘न्यूज’ पानाला अशी ओळ नसते, हा फरक मुलांना लगेच दिसतो. दुसरं काम, बातमीत ‘समजते’, ‘बोलले जाते’, ‘चर्चा आहे’, ‘सूत्रांनी सांगितले’ यांच्याखाली लाल रेघ आणि नाव-हुद्द्यासह सांगणाऱ्याखाली निळी. पानभर लाल झालेली बातमी मग स्वतःच बोलते. तिसरं, जाहिरात वेगळी काढणं. वाढदिवसाच्या पुरवणीतला गौरवलेख आणि त्याखालची शुभेच्छुकांची यादी एकत्र वाचली की पैसे कुठून आले ते कळतं. तालुका वार्ताहराला पुष्कळदा जाहिरातीही आणाव्या लागतात, हेही लपवू नये. नाहीतर मुलं सगळा दोष त्याच्या लेखणीला देतात.

सहा जानेवारीला ‘दर्पण’ची आठवण म्हणून शाळांत भाषणं होतात. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, आणि १८३२च्या त्या पत्रात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असे. त्या दिवशी भाषणांना फाटा देऊन एकाच घटनेची मराठी आणि इंग्रजी पेपरातली बातमी शेजारी लावावी आणि कोणती माहिती कुठे गळली ते शोधावं. निम्म्या खर्चात दुप्पट उपयोग.

मुलांनी स्वतः भित्तिपत्रक काढलं तर एक गोष्ट शिक्षकाने नजरेतून सुटू देऊ नये. गुन्ह्यात सापडलेल्या, पीडित किंवा साक्षीदार असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापणं बालन्याय कायद्याच्या कलम ७४खाली गुन्हा आहे, आणि शाळेची भिंत त्याला अपवाद नाही. गावात ‘एक विद्यार्थिनी, वाडीचं नाव अमुक’ एवढ्यानेही ओळख पटते.

जिथे ही सगळी साधनं थांबतात

चिपळूणच्या पुरानंतर वाद झाला तो पाणी नुसत्या पावसाचं की कोळकेवाडी धरणाच्या विसर्गाचंही, यावर. कुठलंही लेन्स याचं उत्तर देत नाही, कारण प्रश्न कारणाचा आहे. त्याला लागतात तासातासाच्या नोंदी: पाऊस किती, विसर्ग किती आणि कधी सुरू झाला, वाशिष्ठी नदीची पातळी, दाभोळच्या खाडीतली भरतीची वेळ. चारही एका वेळेच्या रेषेवर मांडल्या की निदान कोणता दावा वेळेत बसत नाही ते दिसतं. भरतीची वेळ कोष्टकातून मिळते, दिवसाचा पाऊस महारेनवरून. विसर्गाच्या तासवार नोंदीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागतो.

अर्ज शिक्षकाच्या किंवा पालकाच्या नावाने करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे मजकूर १५० शब्दांच्या आत. अर्ज फसतो तो प्रश्न ‘का’ने सुरू झाला म्हणून; ‘विसर्ग का केला’ याला माहिती अधिकारी उत्तर द्यायला बांधलेला नाही, ‘अमुक तारखेच्या तासवार विसर्गाच्या नोंदवहीची प्रत’ याला आहे. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अर्ज गणपतीच्या सुट्टीआधी टपालात पडला, तर उत्तर किंवा अपील दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात वाचता येतं.